रातव्याला खातं कोण?



पोस्ट लांब आहे. जेवण आटोपल्यावर निवांत वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. सुरुवात एका पाखरापासून आहे, पण गोष्ट गावाच्या जमिनीपर्यंत जाते.

मागच्या आठवड्यात कोंढ्यातल्याच एका नववीतल्या पोराने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. डांबरी रस्त्याच्या कडेला मुरमावर पडलेली पिसं. राखाडी-तपकिरी, बारीक काळ्या नक्षीची, लांब पिसांवर एकेक पांढरा डाग. खाली लिहिलं होतं, "काका, हे कोनतं पाखरू होय? अन् याले खाल्लं कोनं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच पाठवलं : रातवा. दुसऱ्याला मात्र चार ओळी पुरेनात, म्हणून इथे लिहितो आहे.

मी काही पक्षीतज्ज्ञ नाही. धानाचा शेतकरी आहे. डुकरांच्या धाकाने कितीतरी रात्री शेतावर जागलीत गेल्या, त्यामुळे रात्रीच्या आवाजांशी ओळख झाली. बाकीचं पुस्तकांतून आणि जाणत्या माणसांकडून. आपल्या भागात "कोण कोणाला खातं" हा प्रश्न वाघ आणि बिबट्यापुरताच विचारला जातो. जय वाघ नागझिऱ्यातून चालत उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात आला, २०१६ मध्ये बेपत्ता झाला, तर देशभर बातम्या आल्या. ते बरोबरच होतं. सारसाचीही दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. पण चार तोळे वजनाचं एक पाखरू रस्त्यावर चेपलं गेलं तर त्याची नोंद कोण घेणार?

तर आधी ओळख.

रातवा मैनेएवढा असतो. चोच इवलीशी, पण जबडा उघडला की अख्खा पतंग आत जाईल एवढा. दिवसभर वाळल्या पाल्यात बसून राहतो, अंधार पडला की उडतो आणि उडता उडताच पतंग, भुंगेरे, किडे टिपतो. धानाच्या खोडकिडीचा पतंगही रात्रीच उडतो हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. आवाज तुम्ही नक्की ऐकलेला आहे. फरशीवर कंचा पडावा आणि उड्या मारत मारत थांबावा, तसा "चुक्, चुक्, चुक्-चुक्-र्रर्र". मारुती चितमपल्लींनी आपल्या एका पुस्तकाला याच पाखराचं नाव दिलं, 'रातवा'. नवेगावबांधच्या जंगलात त्यांनी नोकरीची वर्षं काढली, तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यात होतं; गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. आपल्या रानाला शब्द देणारा माणूस होता तो.

रातवा घरटं बांधत नाही. काडी नाही, गवत नाही, खड्डा नाही. सरळ जमिनीवर, पाल्यात किंवा मुरमावर दोन अंडी घालतो आणि त्यावर बसतो. त्याच्यासोबत दुसरं एक पाखरू याच जमिनीवर राहतं, करवानक. टिटवीपेक्षा मोठं, लांब पायांचं, बटबटीत पिवळ्या डोळ्यांचं. तेही रात्रीचं, तेही जमिनीवर अंडी घालणारं. दोघांची कथा बरीचशी सारखी आहे.

आता प्रश्नाकडे. अंडी आणि पिल्लं खाणारे पुष्कळ. साप, घोरपड, मुंगूस, कावळा, सगळेच. पण पोराने विचारलं होतं मोठ्या, उडत्या पाखराबद्दल. त्याला धरणारे कमी आहेत.

रात्री वरून येतं घुबड. आपल्याकडे यातलं सगळ्यात तगडं म्हणजे शृंगी घुबड, कानावर दोन शिंगांसारखे तुरे असलेलं. त्याच्या पंखांचा आवाज होत नाही. दिवसा रातवा पाल्यातून उठला तर शिक्रा आहे, मोरघार आहे. सांजवेळी तुरमतीसारखा ससाणा असतो. तो याच वेळी, वटवाघळं आणि पाखरं बाहेर पडताना शिकार साधतो. जमिनीवरून येतात रानमांजर, मुंगूस, कोल्हा, खोकड.

एवढे सगळे असूनही रातवा टिकला, कारण त्याचं अंग म्हणजेच त्याची लपण्याची जागा आहे. वाळला पाला, साल, माती, सावली, सगळे रंग त्याच्या पिसांवर आहेत. मोठे काळे डोळे तो दिवसा बारीक चिरेएवढे मिटून घेतो, कारण चकाकणारा डोळाच पहिल्यांदा दिसतो. तुम्ही दोन पावलांवर आलात तरी हलत नाही. पाय पडणारच असं झालं की मगच उठतो. अंडी किंवा पिल्लं असतील तर पंख मोडल्याचं सोंग घेऊन फडफडत लांब नेतो. मुंगूस त्याच्यामागे जातं, अंड्यापासून दूर गेलं की हा भुर्रकन उडतो.

ही नुसती गावगप्प नाही. आफ्रिकेत झांबियाच्या माळरानावर एक्सेटर आणि केंब्रिज विद्यापीठांच्या अभ्यासकांनी रातवे, टिटव्यांचे भाऊबंद आणि धाविक या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांवर काम केलं. शिकारी प्राण्याच्या डोळ्याला कसं दिसेल याचा हिशोब कॅमेऱ्याने लावला. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. टिटवीसारखे पक्षी धोका लांबूनच पाहून उठून जातात, त्यामुळे त्यांचं घरटं वाचायचं तर अंडी जमिनीशी मिळती हवीत. रातवा शेवटपर्यंत बसून राहतो, म्हणून तिथे बसलेल्या मोठ्या पाखराची पिसं जमिनीशी किती मिळतात यावर सगळं अवलंबून. त्याच गटाने पुढच्या वर्षी दाखवलं की प्रत्येक पाखरू आपल्या स्वतःच्या रंगाला शोभेल अशीच जागा निवडतं.

म्हणजे बघा, "कुठंही बसते ते" असं आपण म्हणतो, आणि ते पाखरू मात्र जागा पारखून बसतं.

आता हिशोब. शेतकरी आणि सावकार दोघांनाही कळेल असा. अंडी म्हणजे व्याज, मोठं पाखरू म्हणजे मुद्दल. अंडी गेली तर जोडी पुन्हा घालते, त्याच उन्हाळ्यात किंवा पुढच्या. एक वर्षाचं व्याज बुडालं. पण अंड्यावरची मादी गेली तर ती अंडी गेली, पुढच्या वर्षीची गेली, त्याच्या पुढचीही गेली. एका खेपेला दोनच अंडी घालणाऱ्या पाखराला हा तोटा लवकर भरून काढता येत नाही. कोंबडीसारखं दहा-बारा पिल्लांचं लटांबर त्याच्यामागे नसतं. म्हणून अंडी कोण खातं यापेक्षा मोठं पाखरू कोण मारतं, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

शृंगी घुबडाचं नाव वर आलं, त्याच्याबद्दल थोडं थांबून सांगतो. हे घुबड रातव्याचा शिकारी, पण ते स्वतःही जमिनीवरच अंडी घालतं. नाल्याच्या दरडीत, खडकाच्या कपारीत, उघड्या मातीवर. पुण्याकडे डॉ. सतीश पांडे आणि इला फाउंडेशनने या घुबडाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याच्या खाण्यात उंदीर-घुशींचा वाटा मोठा असतो. पाखरं त्याला मिळाली तर. म्हणजे धानाच्या बांधीतल्या उंदरांचा हा फुकटचा राखणदार.

आणि या मोठ्या घुबडाला कोण मारतं? रानात त्याला मारू शकेल असं फारसं कोणी नाही. मारतो माणूस. ट्रॅफिक इंडियाने २०१० मध्ये देशभरातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर अहवाल काढला, त्यात मोठी आणि कानावर तुरे असलेली घुबडं तंत्रमंत्रासाठी जास्त मागितली जातात हे आलं. दिवाळीच्या आसपास मागणी वाढते. लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि लक्ष्मी यावी म्हणून त्याचाच बळी द्यायचा, हे कोणत्या शास्त्रात बसतं? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड मारणं, धरणं, विकणं गुन्हा आहे. रातवा मारणं, त्याची अंडी उचलणं, हाही गुन्हाच. आपल्या भागात कोणी घुबड विचारत फिरताना दिसलं तर गप्प बसू नका, वनविभागाला कळवा.

पण खरी गोष्ट पुढे आहे.

शिक्रा, घुबड, कोल्हा, रानमांजर, या सगळ्यांची भूक रानाशी बांधलेली असते. रानात खाणं कमी झालं की त्यांची पिल्लं कमी जगतात, शिकारी कमी होतात, पाखरांना उसंत मिळते. पुन्हा पाखरं वाढतात. हा झोका हजारो वर्षं हलतो आहे, कोणी संपलं नाही. आता जे नवे शिकारी आले त्यांची भूक रानाशी बांधलेली नाही. रातवा संपला तरी ते उपाशी मरणार नाहीत, कमीही होणार नाहीत. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

पहिला नवा शिकारी, कुत्रा.

रातव्याचं सगळं कवच डोळ्याविरुद्ध आहे. पिसांचा रंग, मिटलेले डोळे, न हलणं, हे सगळं पाहणाऱ्याला फसवतं. कुत्रा पाहत नाही, हुंगतो. नाकासमोर पाल्याचा रंग काय कामाचा? कोणी म्हणेल कोल्ह्यालाही नाक आहेच की. आहे. पण कोल्ह्याचं पोट रान भरतं, म्हणून रान पोसेल तेवढेच कोल्हे. कुत्र्याचं पोट गाव भरतं. चिकनच्या दुकानांचा टाकाऊ माल, लग्नाच्या जेवणावळीतलं उष्टं, मेलेली ढोरं, हे सगळं आपण गावाबाहेर कुठे टाकतो? झुडपात. म्हणजे रातव्याच्या दारातच कुत्र्यांची खानावळ. खाऊन पोट भरलेली दहा कुत्री रात्री काय करतात, हे जागलीत बसणाऱ्याला विचारा. ससा दिसला ससा, घोरपड दिसली घोरपड, पाखरू दिसलं पाखरू. भूक असो वा नसो.

एक कुत्रं काय करू शकतं याचं उदाहरण न्यूझीलंडचं आहे. तिथला किवी हा उडता न येणारा, रात्रीचा, जमिनीतल्या बिळात अंडी घालणारा पक्षी. १९८७ मध्ये वाइटांगीच्या जंगलात अभ्यासकांनी काही किवींच्या अंगावर ट्रान्समीटर लावले होते. काही आठवड्यांत त्यातले १३ मेलेले सापडले. शोध घेतला तर एकटी एक जर्मन शेफर्ड कुत्री. तिने त्या जंगलातल्या सुमारे ९०० किवींपैकी ५०० च्या आसपास मारले असावेत असा अंदाज निघाला. खाल्ले नाहीत, नुसते मारले. आणि मेलेले सगळे मोठे पक्षी, म्हणजे मुद्दल.

दुसरा नवा शिकारी, मांजर. हेही उदाहरण तिथलंच. काकापो नावाचा मोठा हिरवा पोपट, रात्रीचा, न उडणारा, जमिनीवर अंडी घालणारा. धोका दिसला की जागेवर गोठून बसायचं, ही त्याची सवय. वरून पाहणाऱ्या शिकारी पक्ष्यांपुढे ती चालली. माणसाबरोबर मांजरं आली, त्यांच्यापुढे ती सवय गळफास झाली. १९७७ मध्ये स्ट्युअर्ट बेटावर काकापो सापडले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, पण रानात गेलेली मांजरं मोठाले पक्षी पटापट मारत होती. शेवटी पक्षी उचलून मांजर नसलेल्या बेटांवर न्यावे लागले. १९९५ मध्ये सगळे मिळून ५१ उरले होते. एकेका पाखराची राखण करून २०२२ मध्ये ते २५० च्या वर गेले. आपल्याला रातवा उचलून नेण्यासाठी बेट नाही. आपल्याला याच जमिनीवर सांभाळावं लागेल.

घरचं मांजर उंदरासाठी पाळतो, ते ठीक. पण रात्रभर ते कुठे असतं हे आपल्याला माहीत असतं का?

तिसरा शिकारी, गाडी. याला नाकही नाही, डोळाही नाही, भूकही नाही. रातवा रात्री रस्त्यावर येऊन बसतो. डांबर उशिरापर्यंत गरम असतं, वरचं आभाळ मोकळं दिसतं, किडा उडाला की लगेच झेप घेता येते. गाडीचा उजेड पडला की त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल-केशरी चमकतात. आणि तो तेच करतो जे त्याचे आजे-पणजे करत आले, शेवटपर्यंत हलत नाही. मुंगसापुढे हे शहाणपण होतं. ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या चाकापुढे तेच मरण आहे. भंडारा-पवनी रस्त्याने रात्री येणाऱ्यांनो, तुम्ही हे डोळे पाहिलेले आहेत. पूर्वी रस्ते खड्ड्याचे होते, गाड्या हळू चालत. रस्ता चांगला झाला याचा मलाही आनंद आहे, दवाखान्यात लवकर पोहोचता येतं. पण झुडपाच्या पट्ट्यातून जाताना दोन मिनिटं हळू चालवली तर कोणाचं नुकसान नाही.

चौथा, आगटी. मोहफुलाच्या दिवसांत झाडाखाली जागा साफ दिसावी म्हणून पाला पेटवतात. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही पेटवतात. मोहफूल मार्च-एप्रिलचं, तेंदू मे महिन्याचा, आणि रातव्याची अंडीही याच उन्हाळ्यात. जो पक्षी पाय पडेस्तोवर उठत नाही तो आगीपुढे किती वेळ बसत असेल? अंडी-पिल्लं तर जातातच. आणि पाला जळाल्यावर उरते काळी जमीन. तिच्यावर तपकिरी रातवा दुरूनही उठून दिसतो, म्हणजे आगीतून वाचला तर शिक्र्याच्या तोंडी.

आता त्या फोटोतल्या पिसांकडे वळू. पिसं वाचता येतात, पोरांनो. शिक्रा, ससाणा पिसं मुळापासून उपटतात. दांडी अख्खी राहते, एका जागी ढीग पडतो. कुत्रं, मांजर, मुंगूस, कोल्हा दाताने तोडतात. दांडी चावलेली, तुटलेली असते, लाळेने पिसं एकमेकांना चिकटतात. घुबड बऱ्याचदा शिकार बसायच्या जागी नेतं आणि नंतर हाडं-पिसांची गोळी ओकतं; ती झाडाखाली, दरडीखाली सापडते. गाडीखाली आलेलं पाखरू चपटं होतं, अंग तिथेच असतं. त्या पोराच्या फोटोत दांड्या तुटलेल्या होत्या आणि जागा रस्त्याची कड. म्हणजे कुत्र्याने मारलं, नाहीतर गाडीने मारलं आणि कुत्र्याने खाल्लं. दोन्ही शिकारी गावाचेच.

आता मूळ मुद्दा, जमीन.

ज्या जागेवर हे पाखरू राहतं तिला सरकारी कागदावर नाव आहे, "झुडपी जंगल". पळसाची खुंटं, खैर, बोरी, तरोटा, मधे मुरूम, मधे गवत. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली नोंदींतून हा शब्द आपल्याकडे आला. ढोरं चारायची, सरपण आणायचं, गावाचा निस्तार चालवायचा, तो याच जमिनीवर. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आपण मध्य प्रदेशातून निघालो, पण हा शब्द सोबत आला, आणि वादही आला : हे जंगल की पडीक?

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाकडून याचा निकाल दिला. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतलं झुडपी जंगल हे वनच मानायचं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्यांना अशी जमीन सरकारकडूनच मिळाली, ज्यांची घरं, शाळा, दवाखाने तिथे झाले, त्यांना नियमित करण्याची वाट न्यायालयाने ठेवली. गोरगरिबांच्या घरांवर एकदम बुलडोझर येऊ नये, हे रास्तच. आणि जे लहान लहान तुकडे, तीन हेक्टरच्या आतले, वाटपात गेलेले नाहीत ते संरक्षित वन म्हणून घोषित करण्याकडेही निकालाने लक्ष वेधलं. या सगळ्या वादात सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन "वनव्यवस्थापनासाठी योग्य नाही" या खात्यात टाकलेली होती.

त्या ओळीवर मी बराच वेळ अडलो. योग्य नाही, कोणासाठी? सागवान होत नाही, धान होत नाही, म्हणून अयोग्य. रातव्यासाठी, करवानकासाठी, खोकडासाठी, सशासाठी यापेक्षा योग्य जागा दुसरी कोणती? दाट जंगलाच्या आत त्यांना उडायला, पळायला मोकळीक नाही. धानाच्या बांधीत पाणी आहे. त्यांना हेच लागतं, अर्धं उघडं, अर्धं झाकलेलं.

गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. कालव्याचं पाणी आलं, उन्हाळी धान आला, बरं झालं. पण सोबत बांध्या सपाट झाल्या, धुरे बारीक झाले, टेकड्यांचा मुरूम रस्त्यांत गेला. आता जे उरलं ते झुडपाचे तुकडे. आणि तुकडा जितका लहान तितका प्रत्येक कोपरा गावाजवळ, म्हणजे कुत्र्याजवळ, रस्त्याजवळ, कचऱ्याजवळ. शिकाऱ्यांचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न असा एकच आहे.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, "बाप्पा, इथं धानाले भाव नाही, डुकरं पीक खाऊन राहिले, मानसावर वाघ-बिबटे येऊन राहिले, अन् तू पाखराचं घेऊन बसला!" राग समजतो. माझंही पीक डुकरं खातात. पण वरची यादी पुन्हा वाचा. मोकाट कुत्री पाखराआधी आपल्या लेकरांना आणि शेळ्यांना चावतात. पिसाळलेल्या कुत्र्याची लस तालुक्याला धावत कोण आणायला जातं? आगीत पाखराबरोबर आपला चारा जळतो. सुसाट गाडीखाली रातव्याबरोबर सायकलवरचा म्हाताराही येतो. यातलं एकही काम केवळ पाखरासाठी करायचं नाही.

म्हणून पाच गोष्टी सांगतो. खर्च जवळजवळ शून्य.

१. चिकन-मटणाचा टाकाऊ माल आणि मेलेली ढोरं झुडपात फेकणं बंद. खोल खड्डा, वरून चुना-माती. खानावळ बंद झाली की कुत्र्यांची संख्या आपोआप उतरते. मारून टाका असं मी म्हणत नाही, तो गुन्हा आहे. प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ नुसार नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे, त्यात ग्रामपंचायतही येते. आपण सगळ्यांनी मिळून तशी मागणी करू.

२. मार्च ते जून मांजर रात्री घरात. कुत्रा पाळत असाल तर रात्री बांधून.

३. झुडपाच्या पट्ट्यात रात्री गाडी हळू. निखाऱ्यासारखे डोळे दिसले की अपर-डिपर करा, वेग कमी करा, तो उठतो.

४. मोहाखाली खराट्याने झाडा, काडी लावू नका. जुनी साडी, जाळी अंथरली तर फुलंही स्वच्छ मिळतात.

५. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. आपल्या गावच्या नोंदवहीत रातवा, करवानक, शृंगी घुबड आहे का ते बघा. नसेल तर लिहून घ्या. आणि त्यासोबत तलाठ्याकडून गावातल्या झुडपी जंगलाचे गट नंबर काढून घ्या. कोणती जमीन झुडपी आहे हे गावालाच माहीत नसेल तर राखणार काय?

१ मेची ग्रामसभा ऐन अंड्यांच्या दिवसांत येते. त्या दिवशी हे गट नंबर वाचून दाखवा, एवढीच विनंती. भांडण नको, ठरावाची घाईही नको. आधी गावाला आपली जमीन ऐकू तर द्या.

आज रात्री आठच्या सुमारास पंखा बंद करून पाच मिनिटं अंगणात बसा. कंचा उडाल्यासारखा आवाज आला तर खाली तुमच्या गावाचं नाव लिहा. फक्त गावाचं. नेमकी जागा लिहू नका, अंड्यांचे फोटो टाकू नका, शोधायलाही जाऊ नका. पायवाट पडली की मागोमाग कुत्रं येतं.